तात्पुरते म्हणजे नेमके किती दिवस?

वाचकांचे प्रश्न : शहर आणि नियम

नागपुरातील वाचकांकडून अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मांडव, सणासुदीचे स्टॉल, सेल आणि फ्लेक्स यांविषयी आहेत. विषय एकच असल्यामुळे त्यांपैकी चार पत्रांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातील प्रश्न बाकीच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी आहे.

प्रश्न : आमच्या बचत गटातील अकरा जणी दिवाळीआधी आठ दिवस आमच्या लेआऊटमधील मोकळ्या भूखंडावर फराळ, उटणे आणि पणत्या विकतात. यंदा एका रहिवाशाने ‘ही निवासी वस्ती आहे, येथे विक्री चालत नाही’ अशी हरकत घेतली. आम्ही चौकशीला गेलो, तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवले गेले. आठ दिवसांच्या विक्रीलाही दुकानाचेच नियम लागतात का? (एक वाचक, मानेवाडा परिसर)

उत्तर : ताई, हरकत घेणाऱ्यांचे म्हणणे जसेच्या तसे मान्य करता येत नाही, मात्र ‘आठच दिवस तर आहेत, परवानगी कशाला’ असा आपल्या गटाचा समज असेल, तर तोही बरोबर नाही. विकास योजनेत एखादा भाग ‘निवासी’ दाखवलेला असतो, तेव्हा तेथील जमिनीचा कायमचा वापर ठरवलेला असतो. चार दिवसांच्या जत्रेला, लग्नाच्या मांडवाला किंवा प्रदर्शनाला तोच मापदंड लावला, तर शहरात एकही सण साजरा होऊ शकणार नाही. म्हणूनच डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत तात्पुरत्या बांधकामांसाठी वेगळी तरतूद आहे. जत्रा, समारंभ, धार्मिक कार्यक्रम यांचे मांडव त्यात येतात आणि अशी परवानगी एका वेळी जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी देता येते.

तेव्हा आधी पाहायचे ते हे, की भूखंड कोणाचा आहे. नागपुरात हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. लेआऊटमधील मोकळी जागा महानगरपालिकेकडे असू शकते, नागपूर सुधार प्रन्यासकडे असू शकते किंवा अजून गृहनिर्माण संस्थेच्याच नावावर असू शकते. आणि आपल्याला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जावे लागले, त्याचे कारण बहुधा हेच असावे. मालकी कळल्याशिवाय कोणाच्याही सहीला अर्थ नाही. शिवाय ती जागा मुलांच्या खेळासाठी राखलेली असेल, तर आठ दिवस तेथील खेळ बंद राहतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मैदानासारख्या जागेच्या वापरात तात्पुरता बदल करू देण्याची तरतूद महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७-अ मध्ये आहे, पण तो अधिकार शासन आणि नियोजन प्राधिकरणाचा आहे, लेआऊटच्या कार्यकारिणीचा नाही.

अर्जासोबत जागामालकाचे संमतिपत्र, स्टॉल कोठे उभे राहतील आणि ये-जा कोठून होईल याचा हाताने काढलेला का होईना पण मापे घातलेला नकाशा, सुरू होण्याची आणि जागा रिकामी करण्याची तारीख, आणि जबाबदार व्यक्तीचे नाव द्यावे. वीज शेजारच्या घरातून वायर ओढून घेऊ नये. महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते. फराळ विकणाऱ्या गटाने अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणीही करून घ्यावी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पणत्यांच्या शेजारी चार फुलबाज्यांची पाकिटे ठेवण्याचा मोह कोणालाही होतो, तो टाळावा. फटाक्यांच्या तात्पुरत्या दुकानांना विस्फोटक नियम, २००८ लागू होतात. दुकानाची शेड न जळणाऱ्या साहित्याची हवी, दोन शेडमध्ये किमान ३ मीटर अंतर हवे, संरक्षित बांधकामांपासून (म्हणजे घरे, शाळा, देवळे यांसारख्या इमारतींपासून) ५० मीटर दूर हवे, शेड समोरासमोर तोंड करून नसाव्यात आणि एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकाने नसावीत, इतके काटेकोर हे नियम आहेत. आकाशकंदिलाच्या माळेखाली, कापडी कनातीच्या आडोशाला फटाके मांडलेले टेबल मी आपल्याच शहरात पाहिले आहे. त्या कनातीला टेकून गॅसची शेगडी पेटलेली होती.

आता मूळ मुद्दा. इतवारी, बुधवारी, शनिवारी, मंगळवारी ही आपल्या वस्त्यांची नावेच बाजाराच्या वारांची आहेत. एका दिवसापुरता भरणारा आणि संध्याकाळी उठणारा बाजार या शहराला नवा नाही. तो चालत आला, कारण तो कोणत्या वारी भरतो आणि केव्हा उठतो हे सगळ्यांना ठाऊक होते. तात्पुरतेपण बांबूत किंवा कापडात नसते, ते उठण्याच्या तारखेत असते. कापडाचा मांडव वर्षभर उभा राहिला, तर तो तात्पुरता राहत नाही. आपल्या नियमांत नेमकी ही तारीख केंद्रस्थानी नाही, आणि बदल व्हायचा असेल तर तो येथून सुरू व्हायला हवा. रस्त्याबाहेर, ध्वनिक्षेपकाशिवाय, थोड्या दिवसांसाठी आणि मोजक्या स्टॉलची विक्री असेल, तर आगाऊ लेखी सूचना पुरेशी मानावी, आणि त्या सूचनेची पोच हीच परवानगी समजावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अकरा बायकांच्या फराळाला आणि दहा हजार माणसांच्या प्रदर्शनाला एकाच नमुन्यातला अर्ज भरायला लावणे न्यायाचे नाही.

मात्र आपल्या भूखंडाच्या कोपऱ्यावर जो भाजीवाला बारा महिने बसतो, त्याला आठ दिवसांसाठी उठवू नका. त्याच्या उपजीविकेला पथविक्रेता अधिनियम, २०१४ चे संरक्षण आहे, आणि त्या कायद्याप्रमाणे स्थलांतर किंवा निष्कासनापूर्वी ३० दिवसांची नोटीस लागते.

प्रश्न : आमच्या चौकात दुभाजकावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स दीड महिन्यापासून लटकतो आहे. वाढदिवस केव्हाच होऊन गेला. तक्रार नेमकी कोणत्या नियमाखाली करावी? (एक ज्येष्ठ नागरिक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : काका, आपल्या हाताशी एक नाही, तीन आधार आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४४ आणि २४५ प्रमाणे आकाशचिन्हे (इमारतींवर उंच उभारलेले फलक) व जाहिराती आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय लावता येत नाहीत; त्यांच्या नियमनासाठी राज्याने २०२२ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत. सार्वजनिक मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे. आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी सातारच्या एका संस्थेच्या जनहित याचिकेवर निकाल देताना राज्यातील महानगरपालिकांना बेकायदा फलकांवर कारवाई करण्याचे आणि नागरिकांना तक्रारीची सोय करून देण्याचे आदेश दिले आहेत.

तक्रारीत ‘फ्लेक्स विद्रूप दिसतो’ असे लिहू नका. ठिकाण, अंदाजे लांबी-रुंदी, तो कशाला बांधला आहे आणि किती दिवसांपासून आहे ते लिहा, तारीख दिसेल असा फोटो जोडा आणि परवानगीचा क्रमांक व मुदत लेखी विचारा. मुदत विचारली, की परवानगी होती की नव्हती हे आपोआप उघड होते.

काही जण म्हणतात, शुभेच्छाच तर आहेत, कोणाचे काय बिघडते? पावसाळ्यात एका चौकात मी असाच एक फ्लेक्स पाहिला. सिग्नलच्या खांबाला तो बाइंडिंगच्या तारेने बांधलेला होता, वरची तार तुटली होती आणि अर्धा फ्लेक्स खाली लोंबून दिव्यांवर आला होता. हिरवा दिवा लागला की नाही हे पाहण्यासाठी एक स्कूटीवाली मुलगी मान वाकडी करून थेट झेब्रा पट्ट्यांवर पुढे सरकत होती, आणि डावीकडून बस येत होती. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात कोसळलेला फलक सुमारे १२० फूट लांब आणि तितकाच उंच होता. तेथे परवानगी ४० बाय ४० फुटांपर्यंतच मिळते. त्या दुर्घटनेत १७ माणसे गेली. दुभाजकावरचा फ्लेक्स त्यामानाने लहान असतो, पण तो कोणी तपासलेला नसतो, हे दोन्हींत सारखेच आहे.

येथे एक काळजीही व्यक्त करतो. फलकांचे नियम कडक करताना त्यावर काय लिहिले आहे याची छाननी सुरू होऊ नये. आकार, जागा, मजबुती आणि मुदत एवढेच पाहावे. नेत्याचा वाढदिवस असो, ग्रंथप्रदर्शन असो की कपड्यांचा सेल असो, माप एकच असावे. आणि प्रत्येक तात्पुरत्या फलकाच्या खालच्या कोपऱ्यात काढण्याची तारीख दुरून वाचता येईल अशा अक्षरांत छापणे सक्तीचे करावे. तसे झाले तर दीड महिना वाट पाहण्याची वेळ आपल्यावर येणार नाही.

प्रश्न : गल्लीत उत्सवाचा मांडव पडला, की आमची गाडी पंधरा दिवस बाहेर निघत नाही. रात्री आवाजाचाही त्रास होतो. मंडळातली मुले ओळखीचीच आहेत, त्यामुळे तक्रार करणे जिवावर येते. (एक वाचक, महाल)

उत्तर : ओळखीची मुले असतील तर मांडव पडण्याआधी बोलावे, पडल्यावर बोलणे भांडण होते. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे, की रस्त्यावरच्या मांडवाला परवानगी देताना रहदारीचा आणि पादचाऱ्यांचा हक्क बाधित होता कामा नये. तेव्हा अग्निशमन दलाची गाडी आणि रुग्णवाहिका जाईल एवढी वाट सोडा, ही मागणी करण्यात संकोच नको. आवाजाची मर्यादा निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. राज्य शासन वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते.

आणखी एक सांगा त्या मुलांना. मांडव उतरल्यावर डांबरात बांबूंचे खड्डे राहतात. पहिल्याच पावसात त्यांत पाणी भरते, कडा सुटतात आणि मुठीएवढा खड्डा परातीएवढा होतो. वाळूने भरलेल्या पिंपात बांबू रोवला तर रस्ता फोडावाच लागत नाही. कित्येक मंडळे तसे करतात.

प्रश्न : मी वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी आहे. तात्पुरते कार्यक्रम, विक्री आणि फलक यांचे नियम आज निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत. ते बदलायचे असतील तर सामान्य नागरिकाला काही करता येते का? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : करता येते, फक्त कोणता नियम कोणाच्या हातात आहे हे आधी नीट वेगळे करावे लागते. विकास नियंत्रण नियमावली आणि फलकांचे नियम राज्याचे आहेत. नियमावलीत किंवा विकास योजनेत किरकोळ फेरबदल करायचा असेल, तर १९६६ च्या अधिनियमातील कलम ३७ प्रमाणे सूचना प्रसिद्ध होते आणि हरकती व सूचनांसाठी एक महिन्याची मुदत असते. तो महिना बहुतेकांच्या नकळत निघून जातो. आपण तसे होऊ देऊ नका. महानगरपालिकेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५८ प्रमाणे स्वतःचे उपविधी, म्हणजे स्थानिक नियम, करता येतात, त्यांना शासनाची मंजुरी लागते. पथविक्रीच्या जागा नगर पथविक्रेता समितीच्या विचाराने ठरतात, आणि त्या समितीत ४० टक्के सदस्य खुद्द विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत असे कायदाच सांगतो. बैठकींची इतिवृत्ते मागवून वाचा, त्यातून पुष्कळ कळेल.

नवा नियम कसा असावा, याचा विचार नागपूरकराने दीक्षाभूमीपासून सुरू करावा असे मला वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दरवर्षी तेथे लाखो माणसे येतात. त्या दोन-तीन दिवसांत पुस्तकांचे स्टॉल लागतात, भोजनदान होते, औषधांचे कक्ष उभे राहतात, आणि भोवतीच्या रस्त्यांवर एक पूर्ण शहर वसते आणि उठते. तेथे पाणी वाटणाऱ्या स्वयंसेवकांचा मंडप, पुस्तकविक्रेत्याचे टेबल आणि एखाद्या कंपनीचा जाहिरातीचा कक्ष हे तिन्ही एकाच शुल्काने आणि एकाच अर्जाने मोजले, तर पहिल्या दोघांवर अन्याय होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतीची मिरवणूक घ्या. ती एका जागी थांबतच नाही. तिला मांडवाची परवानगी कामाची नाही, मार्गावरच्या कमानी, लोंबत्या तारा आणि फलक आधी उतरवण्याची हमी कामाची आहे. म्हणून वर्गवारी आयोजक कोण यावर न ठेवता किती रस्ता अडतो, किती माणसे येतात, आवाज व आगीचा धोका किती आणि किती दिवस, या प्रश्नांवर ठेवावी. अनामत रक्कम जागा पूर्ववत झाल्याचा फोटो दिल्यावर ठरावीक दिवसांत परत मिळावी. ती परत मिळत नाही असा अनुभव आला, की लोक परवानगी घेणेच सोडतात.

हरकत पाठवण्याआधी आपण आणि आपल्या मैत्रिणींनी एक काम करावे. एकच चौक निवडून तीन महिने दर रविवारी तेथील प्रत्येक मांडव, स्टॉल आणि फलक यांची नोंद ठेवावी : केव्हा लागला, कशाला बांधला होता, पायवाटेची किती रुंदी उरली, परवानगीचा कागद लावलेला होता का, आणि केव्हा निघाला. शेवटचा रकाना जितका रिकामा राहील, तितकी आपली हरकत भक्कम होईल. ती वही आमच्याकडेही पाठवा. या सदरात ती छापू.