सिलिया आणि फ्लॅजेलाच्या टोकापर्यंत प्रोटीन पोचतं कसं? आणि ते हलतात कशामुळे?

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग मला जास्त आवडतो, त्यामुळे जरा त्यातच रमणार आहे. सिलियम म्हणजे पेशीतून बाहेर आलेली जेमतेम पाव मायक्रॉन जाडीची काडी (तीच लांब असली की फ्लॅजेला), आत प्रोटीन बनवणारे रायबोसोम नाहीत, म्हणजे तिथे एकही प्रोटीन तयार होत नाही, सगळा माल पेशीत बनतो. आणि वाढ बुडाशी नाही, टोकाला होते! आपल्या केसांच्या बरोब्बर उलट.

सुरुवात सेंट्रिओलपासून, म्हणजे पेशीतल्या एका छोट्या नळकांड्यापासून. तो पेशीच्या पडद्यापाशी जाऊन चिकटतो, त्याला मग बेसल बॉडी म्हणायचं, आणि त्याच्यावर कडेने नऊ जोड-मायक्रोट्युब्यूल, म्हणजे प्रोटीनच्या बारीक नळ्यांच्या जोड्या, उभे राहतात, हलणाऱ्या सिलियात बहुतेक वेळा मध्ये आणखी दोन. आता हे वर वाढवायचं तर ट्यूब्युलिन, म्हणजे या नळ्या ज्याच्या बनतात ते प्रोटीन, टोकापर्यंत नेलं पाहिजे. 1993 मध्ये येल विद्यापीठात रोझेनबॉम यांच्या ग्रुपला क्लॅमिडोमोनास या शेवाळाच्या फ्लॅजेलात कण वर-खाली पळताना दिसले, त्यालाच इंट्राफ्लॅजेलर ट्रान्सपोर्ट म्हणतात, आयएफटी. वर न्यायला कायनेसिन, खाली आणायला डायनिन, दोन्ही नळीवरून चालणारी मोटर प्रोटीन, वेग सेकंदाला काही मायक्रॉन. मग समोरासमोर धडकत कसे नाहीत? 2016 मध्ये कळलं की जोडीतल्या एका नळीवरून वर जातात आणि दुसरीवरून खाली येतात, म्हणजे चक्क अप आणि डाऊन लाइन.

आणि पूर्ण लांबी झाली म्हणून काम थांबत नाही हां. टोकाला सतत ट्यूब्युलिन सुटत असतं आणि नवीन लागत असतं, त्या दोन्हींचा जिथे मेळ बसतो ती लांबी. क्लॅमिडोमोनासला दोन फ्लॅजेला असतात, त्यातला एकच तोडला तर तुटलेला वाढायला लागतो हे ठीक, पण शाबूत असलेला आखडायला लागतो, दोघं सारख्या लांबीचे झाले की मग दोघंही बरोबरीने वाढत पूर्ववत होतात. दोन्ही तोडले तर दीड-दोन तासात परत येतात, आणि नवीन प्रोटीन बनवणं औषधाने बंद केलं तरी जवळपास अर्धी लांबी येतेच, कारण पेशीत तयार माल पडून असतो. मी बायो शिकवतो, आणि वर्गात एवढं एक सांगितलं की मागचे बाकसुद्धा जागे होतात.

आता हलण्याचं. हे डायनिन वेगळं, जोडीवर पक्कं बसलेलं, एटीपी (पेशीचं इंधन) जाळून शेजारच्या जोडीला ढकलतं. 1971 मध्ये समर्स आणि गिबन्स यांनी फ्लॅजेलातले जोड्यांना एकमेकींशी बांधणारे बंध ट्रिप्सिन या प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमने कापले आणि एटीपी टाकलं, तर काडी वाकलीच नाही, जोड्या एकमेकींवरून सरकत लांबच लांब बाहेर आल्या. म्हणजे मुळात ते फक्त सरकणंच आहे, बंधांमुळे सरकता येत नाही म्हणून वाकतं. एका वेळी एकाच बाजूचं डायनिन जोर लावतं म्हणून फटका बसतो, दोन्हीकडून लागला असता तर जागच्या जागी ताणून राहिलं असतं.

हे डायनिन बिघडलं की श्वासनलिकेतला कफ वर सरकत नाही, शुक्राणू पोहत नाहीत, आणि अशा साधारण निम्म्या लोकांचं हृदय उजवीकडे असतं, कारण गर्भात डावं-उजवं ठरवणारा प्रवाह सिलियाच तयार करतात. न हलणारे सिलियाही कमी नाहीत, आपल्या बहुतेक पेशींवर एकेक असतो, अँटेनासारखं काम. 2000 मध्ये असं दिसलं की आयएफटीचं जे जीन बिघडल्यावर क्लॅमिडोमोनासला फ्लॅजेलाच येत नाहीत, तेच उंदरात बिघडलं की किडनीत गाठी होतात. शेवाळ आणि किडनी, कुठून कुठे!

आणि एक, बॅक्टेरियाचा फ्लॅजेला यात धरू नका. तिथे ट्यूब्युलिन नाही, एटीपीवर फटका नाही, बुडाशी फिरणारी मोटर असते आणि ती बहुधा प्रोटॉनच्या ओघावर चालते. वाढतो मात्र तोही टोकालाच, पोकळ नळीच्या आतून फ्लॅजेलिन, म्हणजे तो ज्याचा बनतो ते प्रोटीन, पाठवून.