जर्मन आणि तत्त्वज्ञान एकत्र घेऊ का?

प्रश्न : मला पदवीला जर्मन आणि तत्त्वज्ञान दोन्ही एकत्र शिकायचं आहे. जर्मनची ए-२ पातळी (ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांपैकी दुसरी) पूर्ण झाली आहे. बाबा म्हणतात, जर्मन घे, त्याला मागणी आहे. पण तत्त्वज्ञान घेऊन पुढे करणार काय? मी काय करू?

उत्तर : बाबांची काळजी रास्त आहे. पण या जोडीतली खरी अडचण मला वेगळीच दिसते : दोन्ही विषय एका चालीने पुढे सरकत नाहीत. तत्त्वज्ञानाच्या तासाला पहिल्याच वर्षी अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ कांट समोर येईल आणि त्याच आठवड्यात जर्मनच्या तासाला तू भूतकाळाची रूपं घोकत असशील. कांटचा १७८१ सालचा ‘क्रिटिक डेर राइनेन फेर्नुन्फ्ट’ (शुद्ध बुद्धीची चिकित्सा) हा ग्रंथ मुळातून वाचण्याइतकी भाषा ए-२नंतर लगेच येत नाही. तोवर अनुवाद वाचावे लागतील, त्यात काहीही कमीपणा नाही. (जर्मन उपवाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्याची मराठी माणसाला सवय असते. तेवढी मदत तुला आहेच.)

म्हणून कॉलेजच्या नावाआधी शेवटच्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम उघडून पाहा. जर्मन तत्त्वज्ञांचे मूळ मजकूर वाचणारे वर्ग त्यात आहेत का? पुष्कळ ठिकाणी ‘एकत्र’ म्हणजे फक्त दोन विभागांची दोन वेळापत्रकं असतात, आणि सांधा जुळवण्याचं काम विद्यार्थ्यावर पडतं. ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञान आणि आधुनिक भाषा या चार वर्षांच्या पदवीत एक वर्ष परदेशात घालवायचं असतं. असं वर्ष कुठेही मिळत असेल, तर मी त्याला फार वजन देईन.

थेट जर्मनीला जायचा विचार असेल, तर एक गोष्ट नीट लक्षात घे. तिथला गेर्मानिस्टिक हा विषय भाषा शिकवत नाही. भाषा येते हे गृहीत धरून साहित्य आणि भाषाविज्ञान शिकवतो. प्रवेशाला साधारणपणे सी-१च्या तोडीचं जर्मन लागतं, म्हणजे विद्यापीठ प्रवेशासाठीच्या जर्मन भाषापरीक्षांपैकी डीएसएचमध्ये २ ही पातळी (डीएसएच-२) किंवा टेस्टडाफच्या चारही भागांत ४ ही पातळी. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. मात्र बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्य २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतं, आणि तत्त्वज्ञान म्हटलं की पटकन आठवणारी हायडेलबेर्ग, ट्युबिंगेन आणि फ्रायबुर्ग ही तिन्ही त्याच राज्यात आहेत. राहण्याखाण्याचा खर्च वेगळा.

आता बाबांचा प्रश्न. अध्यापन आणि संशोधन सोडलं, तर तत्त्वज्ञानाच्या नावाची नोकरी जवळपास नसते, आणि त्या दोन्हींसाठी पदवीनंतर बरीच वर्षं शिकावं लागतं. हे बाबांना स्पष्ट सांग. त्याच दमात हेही सांग, की बी-१वर थांबलेल्या जर्मनलाही फारशी किंमत मिळत नाही. अनुवाद, प्रकाशन, कायदा, सांस्कृतिक संस्था या क्षेत्रांत चांगलं जर्मन येणाऱ्या आणि गुंतागुंतीचा युक्तिवाद उलगडून मांडू शकणाऱ्या माणसाचं काम वेगळं उठून दिसतं. ती सवय तत्त्वज्ञान लावतं. त्यामुळे ते सोडू नकोस. फक्त पहिली दोन वर्षं जर्मनला जास्त तास दे.

अर्ज भरण्याआधी कांटचा ज्ञानोदयावरचा (एनलायटनमेंटवरचा) १७८४ सालचा छोटा निबंध मिळव. आधी अनुवाद वाच, मग शब्दकोश घेऊन मूळ जर्मनमधला पहिला परिच्छेद. वेळ लागेल, लागू दे. दुसऱ्या परिच्छेदाकडे आपणहून वळलीस, तर अर्ज भर, आणि प्रवेशाआधी बी-१ची परीक्षा देऊन टाक.