दादाला आहे, मग मलाही होणार का?

तुळशीची लग्नं उरकली की सांगली-मिरजेकडच्या घराघरांतून बायोडाटे फिरू लागतात आणि मानसोपचार करणारी म्हणून माझ्याकडे एका ठरावीक प्रश्नाची ये-जा वाढते. कधी मुलगी स्वतः येते, कधी आई तिला न सांगता येते, कधी फोनवर कुणी दबक्या आवाजात ‘मैत्रिणीसाठी’ विचारतं. घरात एकाला स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रमांचा आजार) आहे, नाहीतर बायपोलर (टोकाची उदासी आणि टोकाचा उन्माद आलटूनपालटून येणारा आजार). मग बाकीच्यांना होणार का? पुढच्या पिढीत उतरणार का? आणि आलेल्या स्थळाला हे सांगायचं का? म्हणून अश्विनीची गोष्ट लिहिते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि बऱ्याच भेटींतलं मोजकंच इथे घेतलं आहे.

अश्विनी २७ वर्षांची, बँकेत नोकरीला. घरची द्राक्षबाग तासगाव भागात. मोठा भाऊ इंजिनिअरिंगला असताना खोलीचं दार लावून बसू लागला, शेजाऱ्यांना माझ्या डोक्यातलं ऐकू जातं म्हणू लागला. आधी देवऋषी झाले, मग मिरजेचे मानसोपचारतज्ज्ञ. आता गोळ्या नियमित आहेत आणि बागेतल्या मजुरांचा हिशेब तोच ठेवतो. आईचे थोरले भाऊ, म्हणजे अश्विनीचे मोठे मामा, ‘तसेच’ होते. त्यांच्या वाट्याला औषध कधी आलंच नाही.

पहिल्याच भेटीत तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. “मॅडम, इथे लिहिलंय, स्किझोफ्रेनिया ८० टक्के आनुवंशिक असतो. म्हणजे मला होण्याची शक्यता ८० टक्के ना?”

हा घोटाळा इतक्या जणांचा होतो की इथे थोडं थांबते. एखाद्याला हा आजार होतो आणि दुसऱ्याला होत नाही, हा जो समाजातला फरक आहे, त्यातला सुमारे ८० टक्के भाग जनुकांतल्या फरकांशी जोडता येतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. तो लोकसंख्येचा आकडा आहे, अश्विनीचा नव्हे. तिच्यासाठी उपयोगाचे आकडे निराळे. कुणाही माणसाला आयुष्यात हा आजार होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला असेल तर शंभरात नऊच्या आसपास, आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर दहा ते तेरा, काका-मामा-मावशीला असेल तर तीन-चार. बायपोलरमध्येही सख्ख्या नात्यात साधारण पाच ते दहा. अश्विनीच्या बाबतीत मामाही धरले तर नऊच्या थोडं वर जावं लागेल. पण ऐंशी कुठे आणि हे कुठे! जुळ्यांचंच बघा. एकाच बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांची जनुकं जवळपास सारखी, तरी एकाला आजार झाल्यावर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आतच राहतं.

आकडे तिला पटले. झोप मात्र आली नाही. आकड्यांनी भीती गेली असती तर माझ्या खुर्चीवर कॅलक्युलेटर ठेवून भागलं असतं.

तिची एक सवय हळूहळू बोलण्यात आली. बँकेत कुणी हाक मारल्यासारखं वाटलं की ती शेजारच्या मुलीला विचारायची, “तुलाही ऐकू आलं ना?” घरी पत्र्यावर काही वाजलं की आईला तेच. एखादी रात्र जागरणात गेली की दुसऱ्या दिवशी दादाच्या सुरुवातीच्या दिवसांशी स्वतःला ताडून बघायची. तिने त्याची वहीसुद्धा ठेवली होती.

मी विचारलं, “दादा असं कुणाला विचारायचा का?”

“असं म्हणजे?”

“तुलाही ऐकू येतंय ना, असं.”

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. “नाही. दादा विचारायचा नाही, दादा सांगायचा. आम्ही नाही म्हटलं की आम्हीच खोटं बोलतोय म्हणायचा.”

“आणि तू?”

“मी विचारते.” मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “मी दिवसभर विचारतच असते.”

त्या क्षणी तिला दिसलं ते असं: ज्या गोष्टीला ती आजाराची सुरुवात समजत होती, ती दादाच्या आजाराच्या उलट टोकाला होती. दादाची शंका संपली होती आणि हिला शंकेशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. हे निदानाचं साधन नव्हे, हेही मी तिला लगेच सांगितलं. सुरुवातीच्या काळात काही रुग्णांनाही आपलं काहीतरी बिनसतंय असं जाणवतं. पण काळजी आणि भ्रम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं तिला तिच्याच तोंडून ऐकायला मिळालं.

“म्हणजे मला होणार नाही ना?” लगेच पुढचा प्रश्न आलाच.

“होणार नाही असं मी लिहून देणार नाही.”

ती हिरमुसली. इथे बरेच जण धीर देऊन मोकळे होतात. मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पठडीतली, ती पद्धत सुरू करणाऱ्या अल्बर्ट एलिस यांना मानणारी. खोटी खात्री देत नाही, आणि खरं सांगायचं तर याचा मला थोडा अभिमान आहे. मी म्हटलं, “तुला होणार नाही याला शंभरात ९० च्या आसपास आहेत. शंभरच हवेत का?”

“हो.”

“तुझ्या वयाची असताना मलाही शंभर नव्हते. माझ्या घरात कुणालाच नाही, तरी ९९च.”

ती हसली. “म्हणजे तुमच्या-माझ्यात आठ-नऊ मार्कांचा फरक.”

त्या आठ-नऊ मार्कांसाठी तिने कितीतरी वर्षं गहाण टाकली होती. वही तिने स्वतःहून बंद केली. विचारण्याची सवय सुटायला मात्र काही महिने गेले.

खरा पेच त्यानंतर कळला. आई-वडील भेटायला आले, कारण स्थळ पक्कं करायचं चाललं होतं आणि पोरगी अडून बसली होती. स्थळ कुणाचं? धाकट्या मामाच्या मुलाचं.

“घरातलंच हाय, म्याडम,” आई म्हणाली. “त्येनला समदं म्हाईत हाय. सांगायचा, लपवायचा प्रश्नच न्हाई.”

आपल्या भागात मामाचा मुलगा करणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे. पण ज्या भीतीपोटी हे चाललं होतं तिलाच ते खतपाणी घालत होतं. दोघांचे आजी-आजोबा एक, सख्ख्या मामे-आत्ये भावंडांत जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा सारखा, आणि आजारी मामा त्याच घरातला. लग्न केलं तर मुलाला आजार होईलच असं कुणी म्हणू शकत नाही. पण काळजी मुलांची असेल तर त्याच घरात सोयरीक करून ती कमी कशी होणार? इथे कुटुंबाचा निर्णय आजाराने नव्हे, लपवाछपवीच्या सोयीने घेतला होता.

“म्हंजे माज्याच माह्यारचं आलं,” आई एकदम रडायला लागली. सासूने हे तिला आयुष्यभर ऐकवलं होतं. १९४८ च्या सुमारास तर चक्क मानसोपचारातच एक मत पुढे आलं होतं की आईच्या वागण्यामुळे मुलाला हा आजार होतो. ते कधीच मोडीत निघालं, सासवांपर्यंत ती बातमी पोचलेली नाही इतकंच. मी तिला सांगितलं, एकच एक ‘वेडाचं जनुक’ असं काही नसतं. २०२२ मध्ये सुमारे ७६ हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात या आजाराशी संबंधित २८७ जागा सापडल्या. एकेका जागेचा परिणाम अगदी किरकोळ, आणि असे काही फरक सासरकडच्यांत, माहेरकडच्यांत, माझ्यात, सगळ्यांतच असतात. शिवाय बहुतेक रुग्णांच्या आई-वडिलांत किंवा भावंडांत हा आजार कुणालाच नसतो.

इतका वेळ गप्प बसलेले वडील म्हणाले, “द्राक्षावरच्या दावण्या रोगासारखं म्हणा की. वेलीची जात नाजूक असली तरी हवा ढगाळल्याबिगर आन् पाऊस झाल्याबिगर येत न्हाई.”

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. जन्माच्या वेळची गुंतागुंत, लहानपणीचे आघात, पोरवयातला गांजा, ही त्यातली काही हवा.

स्थळाला सांगावं का, यावर माझं मत ठाम आहे. हिंदू विवाह कायदा बोलतो तो वधू-वरांच्या स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल. भावाच्या आजाराचं काही त्यात लिहिलेलं नाही. तरी सांगावं, साखरपुड्याच्या आधी सांगावं, आणि मध्यस्थाकरवी नव्हे तर मुलीने मुलाला सांगावं. पहिल्या चहापोह्यांनाच फाइल उघडायची गरज नाही. मुलाने पुढे भेटायची इच्छा दाखवली की मग. अश्विनीने तसंच केलं. एका घराने नंतर फोन उचलला नाही. दुसऱ्या मुलाने विचारलं, आई-वडिलांनंतर दादाचं कोण बघणार? ती म्हणाली, मी बघणार, आणि ते तुला मान्य असायला हवं. बोलणी अजून चालू आहेत. धाकटे मामा मात्र आईशी बोलत नाहीत.

हल्ली लाळेवरून जनुकं तपासून भविष्य सांगणाऱ्या चाचण्यांबद्दलही मला विचारतात. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर तुम्हाला होणार की नाही, हे सांगणारी चाचणी आज नाही. पैसे घालवू नका. एक अपवाद: लहानपणापासून हृदयदोष, टाळूचा दोष आणि शिकण्यातल्या अडचणी एकत्र असतील तर २२ व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असू शकतो, आणि त्यात पुढे असा आजार होण्याचं प्रमाण बरंच असतं. तिथे तपासणी जरूर करावी, डॉक्टरांच्या सल्ल्याने. नात्यात आजार असेल तर कॉलेजातल्या पोरांना गांजाबद्दल स्पष्ट सांगा, आडून नको. मुलगी बायपोलरवर उपचार घेत असेल तर दिवस राहण्याआधीच मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. बाळंतपणानंतरचे आठवडे तिच्यासाठी जोखमीचे असतात, आणि मनाने गोळ्या बंद करणं त्याहून जोखमीचं. एखादा अचानक एकटा राहू लागला, अभ्यास-काम सुटलं, झोप उडाली, लोक आपल्यावर टपलेत म्हणू लागला, तर देवऋषीत महिने घालवू नका. ताबडतोब डॉक्टर गाठा. कुणाकडे जावं ते कळत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.