उसनं अवसान आणायचं, पण कुठपर्यंत?

प्रश्न : ताई नमस्कार, माझं एमएस्सी बीएड झालंय, वय २४, सोमवारपासून ज्युनिअर कॉलेजला अकरावीला केमिस्ट्री शिकवायचीय आणि वर्गात ऐंशी पोरं. घरी आरशासमोर बोलले तरी आवाज कापतो. मैत्रिणी म्हणतात कॉन्फिडन्स नसला तरी दाखवायचा, कुणाला कळत नाही. मला ते फसवल्यासारखं वाटतं. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अगं, तुझी धडधड तुला जेवढी जाणवते तेवढी शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. उगाच धीर देत नाहीये, अमेरिकेतल्या सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांचा २००३ चा अभ्यासच आहे यावर, भाषण करणाऱ्यांना वाटत होतं आपली भीती सगळ्यांना दिसतेय, पण ऐकणाऱ्यांना ती बरीच कमी दिसली, आणि ज्यांना हे आधी सांगून ठेवलं त्यांची भाषणं जास्त चांगली झाली. म्हणून तुलाही आधीच सांगून ठेवतेय.

चेहऱ्यावर थोडं उसनं अवसान आणलंस तर त्यात फसवणूक कसली? पहिल्या दिवशी हातात कागद धरू नकोस, हात कापला की कागद दुप्पट हलतो. खडू घे, फळ्यावर तारीख आणि धड्याचं नाव सावकाश लिही, तेवढ्यात श्वास जागेवर येतो. पहिली दोन वाक्यं तोंडपाठ कर, बास.

उत्तरात मात्र आव आणायचा नाही. माझ्या पहिल्याच महिन्यात एका मुलाने विचारलं, मॅडम, पाणी ४ डिग्रीलाच सगळ्यात जड का? मला नीट माहीत नव्हतं आणि मी ठणकावून काहीतरी ठोकून दिलं, पोरांनी वहीत उतरवूनही घेतलं. रात्री पुस्तक काढलं तर हायड्रोजन बाँडमुळे बर्फात रेणूंची पोकळ जाळी असते, वितळल्यावरही ती थोडी उरते आणि ४ डिग्रीपर्यंत मोडत जाते म्हणून पाणी आकसतं, त्यानंतर मात्र उष्णतेने ते प्रसरण पावायला लागतं, आणि मी सांगितलं होतं भलतंच. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी वर्गात म्हटलं, कालचं चुकलं माझं, खोडा ते. सगळ्यांनी एकदम पट्टी लावून रेघ मारली, तो आवाज अजून कानात आहे. कुणी हसलं नाही, उलट तो मुलगा त्या दिवसापासून तास संपला की प्रश्न घेऊन थांबायला लागला.

तेव्हा तिसरं वाक्यही पाठ कर, 'मला आत्ता माहीत नाही, उद्या सांगते', आणि उद्या खरंच सांग हं. सोमवारचा तास कसा झाला ते नक्की कळव, मी वाट बघतेय.