ठेकेदाराकडे ६ वर्षं झाली, कंपनी परमनंट करेल का?

तुम्ही लिहिलंय की गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात ठेकेदाराकडून ६ वर्षं मशीनवर आहात, दर ७ महिन्यांनी ब्रेक मिळतो, परत नवीन कार्ड निघतं आणि एचआरला विचारलं की "स्किल वाढवा मग बघू" एवढंच ऐकायला मिळतं. मी बरीच वर्षं कारखान्यात टाईम ऑफिसला आणि नंतर एचआरला होतो, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने काय चालतं ते सांगतो.

आपोआप कोणी परमनंट होत नाही, ६ वर्षं झाली काय नि १६ झाली काय. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या केसमध्ये हे सरळ सांगितलंय, कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार मूळ कंपनीत आपोआप घेतले जात नाहीत. पण त्याच निकालात दुसरी बाजू पण आहे, ठेका नुसता कागदावर असेल आणि प्रत्यक्षात कंपनीच तुम्हाला राबवत असेल तर तुम्ही कंपनीचेच कामगार धरले जाता. मग बघायचं काय, तर शिफ्ट कोण लावतं, रजा कोण मंजूर करतं, चुकलं तर मेमो कोण देतं, पगार किती हे कोण ठरवतं. ठेकेदार महिन्यातून एकदा तोंड दाखवत असेल आणि बाकी सगळं कंपनीचा सुपरवायझर करत असेल तर तुमच्या केसमध्ये दम आहे.

७ महिन्यांचा ब्रेक का, तर २४० दिवस भरू नयेत म्हणून. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या सरकारी नमुना नियमांत, वर्षात २४० दिवस भरले की कायम होण्याचा हक्क येतो, आणि ७ महिने म्हणजे २१५ च्या पुढे दिवस जातच नाहीत. अशी मुद्दाम टेम्पररी ठेवायची पद्धत १९७१ च्या महाराष्ट्राच्या अनुचित कामगार प्रथा कायद्यात चूक मानलीये, पण ठेकेदाराच्या माणसाला त्या कायद्याखाली थेट कोर्टात जाता येत नाही. सिपला या औषध कंपनीच्या केसमध्ये, ती पण २००१ चीच, कोर्टाने सांगितलं की आधी तुमचा खरा मालक कोण ते ठरवून आणा मग तक्रार करा. म्हणून एकट्याने कोर्टाची पायरी चढू नका, युनियन नाहीतर कामगारांच्या केस चालवणारा वकील गाठा.

आता "स्किल वाढवा" याबद्दल, कारण मला खरी चीड याचीच येते. तुमच्या लाईनच्या बोर्डावर स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कुठलं काम किती येतं त्याचा तक्ता, लावलेलं असेलच. नावासमोर गोल, त्याचे चार भाग, एक भाग काळा म्हणजे शिकतोय आणि पूर्ण गोल काळा म्हणजे हा दुसऱ्याला शिकवू शकतो. तुमचा गोल ६ वर्षांत पूर्ण भरला असणार, नवीन आलेला परमनंट पोरगा पण तुमच्याच हाताखाली सेटिंग शिकला असणार. आणि ठेकेदाराच्या मस्टरवर तुमच्यापुढे काय लिहिलंय, तर हेल्पर, अकुशल. किमान वेतन अकुशल, अर्धकुशल, कुशल असं ठरतं त्यामुळे या एका शब्दावर तुमचा दर महिन्याचा पगार कापला जातो. ऑटोवाल्यांच्या आयएटीएफ १६९४९ या क्वालिटीच्या नियमावलीत तर ऑन जॉब ट्रेनिंग कंत्राटी माणसांना पण द्यावं असं स्पष्ट आहे, म्हणजे ऑडिटर आला की तुमचं ट्रेनिंग रेकॉर्ड फाईलमध्ये दाखवायचं आणि पगाराच्या वेळी तुम्हाला काही येतच नाही असं धरायचं. याला मनुष्यबळ विकास म्हणत नाहीत. कंपनी शिकवते, वापरते, पण शिकल्याचा कागद माणसाच्या हातात देत नाही.

म्हणून आधी तो कागद मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, त्यातल्या सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत कंत्राटी कामगाराने मागितलं तर ठेकेदाराने अनुभवाचं प्रमाणपत्र द्यायचं आहे, काय काम केलं त्याच्या तपशिलासकट. नेमणूकपत्र द्यायचं पण त्यातच आहे, आणि कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी माणसं लावायला बंदी आहे, अपवाद आहेत पण तुम्ही मशीनवर आहात म्हटल्यावर वकिलाला हा मुद्दा जरूर विचारा. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीने द्यायचा, हे जुन्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि आताही आहे.

पुरावा म्हणून पगार स्लिपा, प्रत्येक ब्रेकनंतरची कार्डं, सुपरवायझरने ग्रुपवर टाकलेलं शिफ्टचं वेळापत्रक हे सगळं जपून ठेवा. मॅट्रिक्सचा फोटो मात्र काढू नका, शॉप फ्लोअरवर मोबाईलला बंदी असते, तेवढ्यावरून तुम्हाला बाहेर काढायला त्यांना निमित्त मिळेल.

आणि हो, पीएफ. ब्रेक मिळाला की पोरं पीएफ काढायच्या मागे लागतात, सोबत पेन्शनचे पैसे काढायचा फॉर्म १० सी पण भरतात. कंपनी भरते त्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात (१५ हजार पगाराच्या मर्यादेपर्यंत) आणि पेन्शनला एकूण १० वर्षांची नोकरी लागते, ती पेन्शनचे पैसे काढले की परत शून्यापासून मोजतात. ठेकेदार बदलला तरी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच ठेवा, जुनं खातं त्यात ट्रान्सफर करून घ्या. सरकारच्या उमंग अॅपवर पीएफचं पासबुक बघा, प्रत्येक महिन्याची एन्ट्री कुठल्या ठेकेदाराच्या नावावर आहे ते दिसतं, ते डाउनलोड करून ठेवा. ठेकेदार बदलत गेले असतील आणि तुमचं काम चालूच राहिलं असेल तर ते दाखवायला हा साधा पुरावा आहे, वकिलाकडे पहिल्यांदा जाताना हेच घेऊन जा.