नॉर्वेजियन लेखक क्नाउसगोर यांनी घरच्यांना खऱ्या नावांनिशी कादंबरीत आणले, ते योग्य होते का? सहाही खंड वाचावेत का?

माझ्या मते कार्ल ऊव्हे क्नाउसगोर यांना तो अधिकार होता, आणि तो त्यांनी 'मिन काम्प' ('माझा लढा') या सहा खंडांच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीच्या पहिल्याच खंडात कमावला आहे. १९९८मध्ये वडील दारूपायी गेल्यावर ते आणि त्यांचा मोठा भाऊ क्रिस्टियनसान येथील आजीच्या घरी जातात आणि बाटल्यांनी व घाणीने भरलेले ते घर पानेच्या पाने घासत राहतात. हे वर्णन कंटाळवाणे आहे असे म्हणणाऱ्याने असे घर कधी धुतलेले नसते.

मी धुतले आहे. वडील गेले तेव्हा त्यांच्या खोलीतून मी २७ रिकाम्या बाटल्या काढल्या, त्यांपैकी दोन तर देव्हाऱ्याखालच्या खणात, वातींच्या पुडक्यामागे होत्या. वास जाईना म्हणून फिनेल टाकून लादी तीनदा पुसली. दादा दहाव्याला आला तेव्हा खोलीत उदबत्ती दरवळत होती. पुढे मी एका दिवाळी अंकात यावर चार पाने लिहिली. त्यात कोणाचेही नाव नव्हते, तरीही घरची धुणी चव्हाट्यावर धुतलीस, असे त्याने मला फोनवर सुनावले आणि बाटल्या पाच-सहाच असतील, हेही ऐकवले. मी त्या मोजून भंगारवाल्याला दिल्या होत्या.

क्नाउसगोर यांच्या काकांचा आक्षेपही नेमका हाच होता. घराची अवस्था तशी नव्हतीच, असे म्हणत त्यांनी खटल्याची धमकी दिली आणि १४ नातेवाइकांनी वर्तमानपत्रात निषेधाचे पत्र छापून आणले. काकांचे नाव बदलावे लागले. सहाव्या खंडात लेखकाला स्वतःच्याच आठवणीविषयी जी धास्ती वाटू लागते, ती मला सुमारे ३,६०० पानांतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते.

मात्र तेव्हाच्या पत्नी लिंडा बोस्ट्रॉम यांच्याबाबतीत माझे समर्थन लंगडे पडते, हे मान्य केले पाहिजे. मेलेल्या बापाविषयी लिहिणे वेगळे आणि शेजारच्या खोलीत असलेल्या माणसाचे आजारपण लिहिणे वेगळे.

राहिला वाचनाचा प्रश्न. पहिला खंड वाचाच, दुसरा जमल्यास वाचा आणि सहाव्यातला हिटलरवरचा शेकडो पानांचा निबंध सवडीने घ्या. पहिला खंड मी दादालाही पाठवला होता; तो पोचल्याचे त्याने अजून कळवलेले नाही.