नैरोबीहून एका दिवसात केनियातला नैवाशा तलाव बघून होतो का? बोटीत बसणं सुरक्षित आहे का?

होतो, पण पहाटे सहाला नैरोबी सोडत असाल तरच. तुम्ही चौघं मित्र आहात, एकच दिवस मोकळा आहे आणि एकाला पोहता येत नाही असं लिहिलंय, म्हणून वेळेचं आधी सांगतो.

अंतर नव्वदेक किलोमीटर आहे, पण घाटात ट्रकांची रांग लागते, तेव्हा दोन-अडीच तास धरा. माई माहिऊ गावाच्या जुन्या रस्त्याने गेलात तर रिफ्ट व्हॅलीचा, म्हणजे इथल्या प्रचंड खचदरीचा, उतार समोर उघडतो. दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांकडून हा रस्ता करून घेतला होता. त्यांनी १९४२ मध्ये बांधलेलं छोटंसं चर्च अजून रस्त्याच्या कडेला आहे. स्वेटर घ्या, तलाव सुमारे १,८८० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर.

आता बोटीचं. आम्ही गेलो तेव्हा निघायला उशीर केला आणि दुपारी तीनला पाण्यात उतरलो. जाताना तलाव शांत होता. अर्ध्या तासात वारा सुटला आणि लाटा थेट मांडीवर येऊ लागल्या. आमच्यातही एकाला पोहता येत नव्हतं. त्याने बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. नावाड्याने काही न बोलता इंजिन मंद केलं आणि लाटा कापत हळूहळू काठाला आणलं. नंतर त्यानेच सांगितलं की ‘नैवाशा’ हे नाव मासाई भाषेतल्या ‘खवळणारं पाणी’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलंय आणि दुपारचा वारा इथे रोजचाच. तेव्हा बोट सकाळीच घ्या, बारापर्यंत काठावर या. बोटीत बसण्याआधी लाइफ जॅकेटचं बक्कल स्वतः लावून बघा. आमच्या एका जॅकेटचं बक्कल तुटकं निघालं, ते बदलून घेतलं.

पाणघोड्यांची भीती वाटणं योग्यच आहे. दिवसा ते पाण्यात असतात, वर दिसतात फक्त कान, डोळे आणि नाकपुड्या. नावाडी जितक्या अंतरावर थांबेल तितकंच पुरे, फोटोसाठी ‘अजून जवळ’ म्हणू नका. अंधार पडला की ते चरायला काठावर येतात, म्हणून संध्याकाळी पाण्याच्या कडेने फिरायचं नाही.

पाण्यात उभी असलेली वाळकी झाडं बघाल. ती काठावरची पिवळ्या खोडाची बाभूळ. गेल्या काही वर्षांत तलावाचं पाणी खूप चढलं, २०२० च्या सुमारास तर काठावरची घरंही पाण्यात गेली. त्या झाडांवर आता पाणकावळे पंख वाळवत बसतात. मला तिथे फार वाईट वाटलं. मत्स्यगरुडही तिथेच. नावाडी माशात पपायरसचा तुकडा खोचतो म्हणजे मासा तरंगतो, मग शीळ घालतो. गरुड झाडावरून सुटतो आणि पंजे पाण्याला लावून मासा उचलतो. बघायला विलक्षण आहे, तरी माझं मत विचाराल तर मासा न टाकता थांबा. आम्हाला वीस मिनिटांत एक गरुड स्वतःहून शिकार करताना दिसला, आणि लक्षात राहिला तोच.

एक गोष्ट मला अजून थक्क करते. या तलावातून एकही नदी बाहेर पडत नाही, तरी पाणी गोडं आहे. आपलं लोणार असंच कोंडलेलं, पण खारं. शेजारचं नाकुरूही खारं. नैवाशाचं पाणी जमिनीखालून ज्वालामुखीच्या खडकांतून झिरपून जातं, म्हणून क्षार साचत नाहीत. त्या गोड्या पाण्यावरच काठाची गुलाबांची पॉलिहाउसं उभी आहेत. मावळातली पॉलिहाउसं पाहिली असतील तर ओळखीचं वाटेल, फक्त इथे ती मैलोनमैल आहेत. जलपर्णीही तशीच ओळखीची, वारा फिरला की तिचे गालिचे धक्क्याला येऊन अडकतात.

बोटवाल्याला क्रेसेंट आयलंडला उतरवायला सांगा. बुडालेल्या ज्वालामुखीच्या तोंडाची ही कड. सिंह-बिबटे नाहीत, त्यामुळे जिराफ आणि झेब्र्यांमधून पायी फिरता येतं. दोन तास इथेच द्या. हेल्स गेट उद्यान त्याच दिवशी कोंबू नका.

जेवायला तळलेला तिलापिया मासा आणि उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा. शाकाहारी असाल तर राजम्यासारखं ‘महाराग्वे’ आणि चपाती मागा, तिथेही तिला चपातीच म्हणतात. चारला परत निघा, घाट उजेडातच चढायला हवा.